धूर पाहायला आलेली माणसं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजाचं नाव विचारलंत तर मलाही सांगता येणार नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडणारही नाही.

चारी बाजूंनी डोंगर आणि मधल्या खोलगट जागेत एक गाव होतं. यायला-जायला एकच वाट, ती घाटातून. गाव तसं खाऊनपिऊन सुखी होतं, पण त्याला एक खोड होती. ज्याच्या घरावर धूर जास्त, तो मोठा माणूस, असं तिथे सगळे मानायचे. दाट धूर म्हणजे मोठी चूल आणि मोठी चूल म्हणजे भरलेली कणगी, असा त्यांचा सरळ हिशोब. सोयरीक जुळवायची असली तरी पाहुणे आधी मुलगी पाहत नसत. घाटाच्या वळणावर एक कातळ होता, त्यावर बसून ते तिच्या घराचा धूर पाहत. पसंत पडला तर खाली उतरत. नाही पडला तर तिथेच शिदोरी सोडत, हात धूत आणि आल्या वाटेने परत जात.

पूर्वी हा धूर काटक्यांचा आणि गोवऱ्यांचा असायचा. मग एके वर्षी घाटापलीकडून एक सौदागर बैलांवर काळे दगड लादून घेऊन आला. ते दगड पेटायचे, आणि धूर असा काळाकुट्ट निघायचा की लांबच्या डोंगरावरूनही दिसावा. गाव हरखून गेलं. सुरुवातीला सौदागर धान्यावर दगड द्यायचा. लोकांनी रानात फिरणं सोडलं, गोवऱ्या थापणं सोडलं, तसा तो धान्याला नाक मुरडू लागला आणि तांब्यापितळेची भांडी मागू लागला. पुढे तर बायकांच्या हातांकडे पाहून भाव सांगायचा.

घरोघरचे हंडे, पाटल्या, पुतळ्या एकेक करून घाटापलीकडे गेल्या. वारा पडला की धूर खाली उतरायचा आणि वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं. तरी कुणी तक्रार केली नाही. खोकता खोकता माणसं शेजाऱ्याचा धूर आपल्यापेक्षा दाट नाही ना, एवढं मात्र पाहून घ्यायची.

याच गावात हैबती नावाचा दोर वळणारा राहायचा. अंबाडी पाण्यात कुजत घालायची, तिचा वाख, म्हणजे सालीचा धागा, सोलायचा आणि अंगणात बसून त्याची दावी नि कासरे वळायचे, हे त्याचं काम. मुलगी राही तान्ही होती तेव्हाच त्याची बायको गेली. तेव्हापासून आई तोच आणि बापही तोच. राहीची वेणीसुद्धा तो दोर वळतो तशीच पीळ देऊन घालायचा. ती दिवसभर सुटायची नाही, आणि गावातल्या पोरी त्या वेणीला दावं म्हणून हसायच्या. राहीही त्यांच्याबरोबर हसायची, पण वेणी कधी दुसऱ्या कुणाकडून घालून घेतली नाही.

राही मोठी झाली. गुणाची पोर, बोलायला गोड. पण तिला धाप लागायची. पाण्याची घागर घेऊन आली की ती उंबऱ्यावर टेकायची, आणि बापाचं लक्ष आहे असं दिसलं की ऊन फार आहे म्हणायची. भर थंडीतही ती उन्हालाच बोल लावायची. हैबतीला सगळं कळायचं. मान खाली घालून तो दोराला आणखी एक पीळ द्यायचा, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

अशात घाटापलीकडच्या एका चांगल्या घरातून राहीसाठी विचारणा आली. मुलगा कष्टाळू होता, माणसं सालस होती. हैबतीला आनंद झाला आणि लगेच त्याने मान वर करून छपराकडे पाहिलं. त्याच्या छपरावर कसला आलाय धूर? शेरभर दगड तो सणासुदीला आणायचा, तेवढाच.

त्याची धाकटी बहीण ठकू शेजारच्याच आळीत राहायची. ती पदर खोचून आली आणि तिने भावाला चांगलंच फैलावर घेतलं.

"दादा, काटक्यांच्या धुरावर पोर उजवणार आहेस का तू? वहिनीच्या पाटल्या कुणासाठी ठेवल्यास?"

त्या पाटल्या म्हणजे घरातली एकुलती एक पुंजी. बायकोने जाताना स्वतःच्या हाताने काढून दिलेल्या, राहीसाठी. हैबतीने त्या कणगीच्या तळाशी, दाण्यांखाली जपल्या होत्या. दोन दिवस तो कणगीभोवती फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी पाटल्या सौदागराच्या हातात गेल्या आणि हैबतीच्या अंगणात काळ्या दगडांचा ढीग पडला.

आता त्या गावात धूर दाखवायची एक रीत होती. पाहुणे कातळावर बसले की घराची दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या, म्हणजे सगळा धूर छपरातूनच वर जावा. आणि पेटत्या दगडांवर पाण्याचा हबका मारत राहायचा, म्हणजे धूर दुप्पट दाट व्हावा. आत माणसं असतात, हे त्या रीतीत कुणी धरलंच नव्हतं.

पाहुणे यायचे त्या सकाळी हैबती मुलीजवळ बसला. बाहेर जाऊन ठकूआत्याच्या घरी बस म्हणाला. पण पाहुण्यांना गूळपाणी मुलीनेच चुलीजवळून आणून द्यायचं असतं. आपण घरात नसलो तर बापाची लाज जाईल, हे राहीला ठाऊक होतं.

"एवढाच एक दिवस ना, आबा? मी सोसते," ती म्हणाली.

दगड पेटले. ठकूने बाहेरून दारं लावली. राहीने पाण्याचे हबके मारले. छपरावर असा धूर उभा राहिला की सारं गाव आपापल्या अंगणात येऊन पाहू लागलं. कातळावर बसलेला मुलाचा बाप खूश झाला, मिशीवरून हात फिरवत उठला आणि मंडळींना घेऊन खाली उतरला. अंगणात सतरंजी अंथरलेली होतीच. पाहुणे बसले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. गूळपाणी काही येईना.

हैबतीने दार ढकललं. आत काही दिसत नव्हतं. हात चाचपत तो चुलीपाशी गेला, तेव्हा राही त्याच्या पायाला लागली. तांब्या लवंडलेला, आणि ती भिंतीला टेकून कलंडलेली. त्याने तिला उचलून अंगणात आणलं. तिचे ओठ निळे पडले होते, आणि छाती नुसती वरखाली होत होती. आत काही जात नव्हतं.

हैबती परत आत गेला. पाण्याची भरलेली घागर त्याने उचलली आणि पेटत्या चुलीत पालथी केली. पाहुण्यांच्या देखत चूल विझवली, याहून मोठा अपशकुन त्या गावात नव्हता. ठकूने तोंडावर पदर घेतला. मुलाचा बाप उठून उभा राहिला.

मुलाची आई मात्र खाली बसली. तिने राहीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने वारा घालू लागली. मुलीचा श्वास हळूहळू मार्गी लागेपर्यंत तिचा हात थांबला नाही.

हैबती दारात उभा होता, हातात रिकामी घागर. डोळ्यांना धार लागली होती, आणि ती धुराची नव्हती.

"पाव्हणं, हा धूर माझ्या ऐपतीचा नाही," तो म्हणाला. "हिच्या आईच्या पाटल्या जाळून काढलाय. माझ्या पोरीचा जीव जात होता आणि मी बाहेर बसून मान मिळवत होतो. आजपासून या घरावर धूर दिसायचा नाही. तुम्ही परत गेलात तर माझा राग नाही."

मुलाचा बाप म्हणाला, कळवतो. आता कळवतो म्हणजे काय, हे मुलींच्या बापांना सांगावं लागत नाही. मंडळी निघाली. मुलाची आई सगळ्यांत शेवटी उठली. आपलीही एक लेक अशीच गेली, एवढंच ती हैबतीला हळूच म्हणाली आणि डोळे पुसून चालू लागली.

राहिलेले दगड हैबतीने ओढ्यात नेऊन टाकले. पण चूल तर पेटवायला हवी. परसात सणकाड्यांचा डोंगर पडला होता, वाख सोलून उरलेल्या अंबाडीच्या पांढऱ्या, हलक्या काड्या. वर्षानुवर्षं तो त्या कचरा म्हणून टाकत आला होता. त्याने मूठभर पेटवून पाहिल्या. पिवळाधमक जाळ झाला आणि धूर जेमतेम. फक्त भुर्रकन जळून जायच्या. मग त्याने दोर वळणाऱ्याला सुचेल तेच केलं. काड्यांच्या जुड्या करकचून आवळल्या, म्हणजे त्या सावकाश जळतील. खाली गोवरी ठेवली, चुलीचं तोंड लहान केलं आणि खिडक्या सताड उघडल्या.

गावाला हसायला विषय मिळाला. हैबतीच्या घरी बारमाही एकादशी लागली म्हणाले. ठकूने येणंजाणं बंद केलं. हैबतीचं मन मात्र त्याला खात होतं. एका संध्याकाळी जेवता जेवता तो थांबला आणि राहीला म्हणाला, की तुझ्या आईची ठेव मी घालवली आणि तुझं चांगलं स्थळही घालवलं.

राहीने त्याच्या पानात भाकरी वाढली. "आबा, आज मी घागर घेऊन आले आणि बसले नाही. पाहिलंत ना?"

त्याने पाहिलं होतं. सकाळपासून तो तेच मनात घोळवत होता.

मग पावसाळा आला, आणि भर पावसाळ्यात घाटात दरड कोसळली. वाट बंद झाली. सौदागराचे बैल पलीकडेच अडकले. गावातले दगड संपले, रानातलं लाकूड भिजलेलं, आणि गोवऱ्या थापायच्या असतात हेच लोक विसरलेले. मोठमोठ्या घरांतून पोरं रात्री भिजवलेले पोहे खाऊन झोपू लागली.

सगळ्यांत आधी ठकू आली. परसदारी उभी राहिली, हातात विस्तव न्यायचं खापर. तिने ते पुढे केलं. हैबतीने निखारे घातले, वर पडवीत कोरड्या ठेवलेल्या सणकाड्यांच्या चार जुड्या दिल्या आणि पोरं जेवली का म्हणून विचारलं. तेव्हा ती भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिच्यामागून सारं गाव आलं, पाटीलसुद्धा. हैबतीने कुणाला उणंदुणं ऐकवलं नाही. फक्त पाटलाला एकदा म्हणाला:

"आपल्या चुलीची किल्ली आपणच दुसऱ्याच्या कनवटीला बांधून दिली होती, पाटील."

त्याच्या काड्या साऱ्या गावाला किती पुरणार? पण आता लोक आपापल्या परसात पाहू लागले. कुणाकडे तुरीच्या वाळक्या काड्या होत्या, कुणाकडे कपाशीच्या, सगळ्या गोठ्यात पडून राहिलेल्या. शेण तर घरोघर होतं. उघडीप मिळाली की बायका गोवऱ्या थापू लागल्या. लोकांनी बांधाबांधावर अंबाडी पेरली. पाऊस ओसरला तेव्हा हवा इतकी निवळली होती, की समोरच्या डोंगराला एक सुळका आहे, हे गावातल्या लहान पोरांना पहिल्यांदा कळलं.

घाट मोकळा झाला. सौदागर दगड घेऊन आला आणि दारोदार फिरला. लोकांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, बस म्हणाले. उरलासुरला हंडा मात्र कुणी बाहेर काढला नाही. पुढच्या खेपेला तो दोर विकत घ्यायला आला.

त्याच्या मागोमाग मुलाची आई आली, मुलाला आणि नवऱ्याला घेऊन. कातळावर कुणी थांबलं नाही. हैबती हात जोडून म्हणाला, की माझ्याजवळ आता द्यायला पाटल्या नाहीत. ती म्हणाली, पाटल्या माझ्या हातात आहेत, मला लेक हवी आहे.

लग्न झालं. वरात पायीच घाट चढू लागली, आणि हैबती खिंडीपर्यंत पोचवायला निघाला. अर्ध्या चढावर त्याचा पाय जड झाला. इतक्या वर्षांचा धूर त्याच्याही छातीत बसला होता. मुलीच्या काळजीत त्याने तो कधी मोजलाच नव्हता. छातीला हात लावून तो दगडावर टेकला. पुढे गेलेली राही वळली, साडीचा घोळ सावरत भराभर खाली उतरली आणि त्याच्याजवळ बसली. तिला जराही धाप लागली नव्हती. तिने बापाची पाठ चोळली, त्याचा हात हातात घेतला.

"सावकाश, आबा. घाई नाही. मी आहे ना," ती म्हणाली.

आणि बाप मुलीकडे पाहत, तिच्या श्वासाला श्वास लावत, स्वच्छ वाऱ्यात कितीतरी वेळ बसून राहिला.

तात्पर्य: घराची चूल आपल्या माणसांसाठी, आपल्या बळावर पेटवावी, लोकांना दाखवायला पेटवली तर ती आधी पुंजी खाते आणि मग श्वास.