हिवरखिंडीचे तीन नेम

एका राज्यात, जिथल्या राजाला आरशासारखं तळं हवं होतं म्हणून पाच गावं पाण्याखाली गेली, तिथे येसू आणि रखमाजी ही बहीणभावंडं राहत होती. दोघं दोर वळत. त्यांचं गाव बुडालं त्या दिवशी राजाने दवंडी पिटवली: ज्यांची घरं बुडाली त्यांनी राज्यात हव्या त्या गावी जाऊन राहावं, मात्र त्या गावाचे नेम पाळावेत. गाव बुडवताना कोणी त्यांना विचारलं नव्हतं. नेम पाळायला मात्र सांगितलं.

दोघं चालत निघाली. सातव्या दिवशी त्यांना डोंगराच्या कुशीत हिवरखिंड हे लहानसं गाव दिसलं. वेशीच्या कमानीवर मोठ्या पिवळ्या चोचीचा धनेश पक्षी बसला होता. त्याला माणसाची भाषा येत होती, आणि गावाचे नेम नव्या माणसाला सांगणं हे त्याचं काम होतं.

"थांबा," धनेश म्हणाला. "राहायला आलात की जायला?"

"राहायला," रखमाजी म्हणाला.

"मग ऐका. गावाचे नेम एकोणीस." आणि तो एका सुरात सांगू लागला. लग्नाचा मांडव वाटेवर घालू नये. ओलं झाड सरपणाला तोडू नये. शेजाऱ्याची कोंबडी अंगणात आली तर हाकलावी, तिला काही फेकून मारू नये. असे सोळा नेम झाले. त्यांची कारणं ऐकणाऱ्याला आपोआप कळत होती. मग धनेशाने आवाज खाली आणला.

"सतरावा. सावली पायाखाली आली, की ती पुन्हा लांबेपर्यंत विहिरीत दोर सोडू नये. अठरावा. घराचं दार पूर्वेला ठेवू नये. एकोणिसावा. नव्या माणसाने बारा वर्षं गावात कोणाला नात्याने हाक मारू नये. काका नाही, मावशी नाही, दादा नाही. सगळ्यांना 'गावकरी' म्हणावं. जो मोडील तो दगड होईल."

"का?" येसूने विचारलं.

"मी नेम सांगतो," धनेश म्हणाला. "कारणं माझ्याकडे नाहीत."

येसूला राग आला. पण पाय सुजले होते, आणि गाव सुंदर होतं. दोघं आत गेली.

विहिरीवर एक म्हातारी घागर भरत होती. तिचं नाव ठमाबाई. उन्हातून आलेल्या रखमाजीने ओंजळ पुढे केली, आणि जन्मभर जे तोंडात बसलं होतं तेच तोंडातून गेलं.

"मावशी, पाणी घाल गं."

म्हातारीने घागर तशीच खाली टेकली. "नको रे, असं नको म्हणूस!" ती ओरडली. तोवर उशीर झाला होता. पुढे केलेल्या ओंजळीसकट रखमाजी कमरेइतका उंच काळा दगड झाला.

चार गडी आले. त्यांनी दगडाला दोर बांधला, बांबू घातला, दगड उचलला आणि वेशीपाशी नेऊन ठेवला. तिथे आधीचे बारा दगड रांगेत उभे होते. हा तेरावा. गड्यांना हे काम सवयीचं होतं, ते येसूने पाहिलं.

गावचे पाटील हैबतराव आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"दुःख झालं, बाई. पण सांगितलेलं होतं."

"कारण सांगितलं नव्हतं."

"कारण आम्हालाही ठाऊक नाही. नेम आहे, म्हणून आहे."

"मी राजाकडे जाईन. सगळे एकोणीस नेम पुसून टाकायला लावीन!"

"राजाचे शिपाई आले होते एकदा, नेमांची शिळा फोडायला. त्यांच्या घणांना हातात असतानाच गंज चढला. आपण तीन दिवस इथे शोक करू शकता. नेम मोडणाऱ्याच्या माणसांना गाव ठेवून घेत नाही, चौथ्या दिवशी वेशीबाहेर जावं लागेल. पुन्हा आत येता येणार नाही."

पाटील गेल्यावर येसू कमानीखाली जाऊन उभी राहिली.

"हा शाप सुटतो कसा?" तिने धनेशाला विचारलं. "तेही तुझ्याकडे नाही?"

"ते आहे. आजवर कोणी विचारलं नाही. शेवटच्या तीन नेमांची कारणं शोधावीत. पारावर उभं राहून भर गावात सांगावीत. खोटं कारण सांगेल तो दगड होईल. तिन्ही खरी सांगितली, की शाप सुटायला मोकळा होतो."

"मोकळा होतो म्हणजे? सुटतो की नाही?"

"एवढंच मला ठाऊक आहे," धनेश म्हणाला आणि त्याने चोच मिटली.

पहिल्या दिवशी सकाळी येसूने स्वतः वळलेला दोर विहिरीच्या खांबाला नुसता वेढला आणि त्याची दोन्ही टोकं धरून ती खाली उतरली. पाण्यालगत एक कपार होती. तिथे बसून तिने एक टोक ओढलं, तेव्हा सगळा दोर तिच्या मांडीवर येऊन पडला. दुपारी विहिरीत दोर सोडू नये असा नेम होता. माणूस नसावा असं कोणी म्हटलं नव्हतं.

सूर्य डोक्यावर आला. पाणी काचेसारखं स्थिर झालं, आणि तळातून खाटेएवढं कासव वर आलं. झऱ्याच्या तोंडाशी साठलेला गाळ ते पुढच्या पायांनी ओंजळ ओंजळ उपसत होतं.

"हलू नकोस," कासव म्हणालं. "पाणी ढवळलं तर मला झऱ्याचं तोंड दिसत नाही. एक दुपार चुकली तर चालतं. सलग दहा चुकल्या, तर झरा बुजेल आणि गाव उठेल."

"गावाला हे सांगितलं का नाहीस?"

"पूर्वी त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक पोराला विहिरीपाशी आणून सांगायचे. मग सांगेनासे झाले. मी काम चालू ठेवलं."

सावली लांबल्यावर गावातल्या एका बाईने पोहरा सोडला, तो जड लागला. तिने आणखी दोघींना बोलावून ओढला, तर दोराला धरून येसू वर आली.

"अगं बया! पाणी काढायला आले, नि बाई निघाली!"

"हसताय काय, गावकरी," येसू म्हणाली. "तुमचा नेम खरा आहे." हे म्हणताना तिला बरं वाटलं नाही. सगळे नेम पुसून टाकण्याची तिला घाई होती, आणि पहिलाच नेम शहाणपणाचा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी ती पूर्वेला चालत गेली. हिवरखिंडीतलं एकही दार त्या बाजूला नव्हतं. कोवळं ऊन घरांच्या मागच्या भिंतींवर पडून वाया जात होतं, आणि आत बायका सकाळीच चिमणी लावून भाकऱ्या थापत होत्या. दोन टेकड्यांपलीकडे दरीत एक सापळा पडला होता. एकेक बरगडी बैलगाडीच्या जुवापेक्षा लांब. प्रत्येक बरगडीवर साळुंक्यांची घरटी.

"हा आग ओकणारा अजगर," एक साळुंकी म्हणाली. "तोंड पश्चिमेला करून झोपायचा. जांभई दिली की ज्वाळा गावापर्यंत जायची, पूर्वेच्या दारातून आत शिरायची."

"मेला कधी?"

"चाळीस वर्षं झाली. म्हातारपणाने गेला."

"चाळीस वर्षं! आणि गावातलं कोणी बघायला आलं नाही?"

"तू पहिली," साळुंकी म्हणाली. "आम्हालाही नवल वाटतं."

येसू वाटेने हसली आणि वाटेनेच रडली. चाळीस वर्षं एका गावाने मेलेल्या अजगराला भिऊन सकाळकडे पाठ केली होती.

तिसरा दिवस उजाडला. येसू घरोघर फिरली. एकोणिसाव्या नेमाचं कारण काय? लोक म्हणाले, पूर्वजांनी काहीतरी बघूनच ठेवला असेल. कोणी म्हणालं, परक्याने सलगी केलेली बरी नाही. हे विचारल्यावर प्रत्येकाची नजर एकदा दक्षिणेकडच्या माळाकडे जाई आणि लगेच परत येई. असं का होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मोठी माणसं तसं बघायची, म्हणून पोरं तसं बघायला शिकली होती.

येसू माळावर गेली. एका चौथऱ्यावर गवत माजलं होतं. शेजारी ठमाबाई बसली होती.

"मला ठाऊक होतं तू येशील," म्हातारी म्हणाली. "तीन दिवस मी भाकरी खाल्ली नाही. मला मावशी म्हणाला गं तो."

"सांगा, गावकरी."

"हे भिवराचं घर. टोपल्या विणायची. बाहेरून आलेली, पण माझ्या बापाला दादा म्हणायची आणि मला भाची. मी आठ वर्षांची होते. भर दुपारी तिच्या छपराला आग लागली. आत तिची तान्ही लेक. भिवरा दारोदार हाका मारत फिरली, दादा या, काका या, पाणी आणा. पण सावली पायाखाली होती. विहिरीला दोर लावायचा नाही."

"एक दुपार चुकली असती तरी चाललं असतं!" येसू ओरडली. "कासवाने सांगितलं मला!"

"तेव्हा तेही ठाऊक होतं सगळ्यांना," ठमाबाई म्हणाली. "पाटलाच्या घराला आग लागती, तर दहा दोर पडले असते. मी बापाला म्हटलं, आत्या बोलावतेय. त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला."

"तोवर ती साधी बाई होती. शाप द्यायची विद्या तिला त्या दुपारी आली, राखेत उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी गावाने नेम केला, परक्यांनी नात्याने हाक मारायची नाही. पुन्हा अशी हाक कानावर पडायला नको होती त्यांना. तेव्हा भिवरा म्हणाली, तुमचा नेम मी पाळून घेते. जो हाक मारील तो दगड होईल, आणि ते दगड तुम्ही रोज बघा. मग ती खिंड चढून निघून गेली."

"आणि तिने तुमची आठवण पुसली?"

"नाही गं. विसरणं शापात नव्हतं. ते आम्ही केलं. एका नेमाचं कारण सांगायची लाज वाटायची, म्हणून आम्ही सगळ्याच नेमांची कारणं सांगायचं सोडलं. आता तुला कळलं. जा, सांग पारावर."

"हे मी सांगू?" येसू म्हणाली. "ज्यांनी हाक ऐकली, त्यांच्यातलं आता कोण उरलंय?"

म्हातारी उठली. येसूने हात दिला.

संध्याकाळी सगळं गाव पारापाशी जमलं. येसूने कासवाचं सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. अजगराचं सांगितलं, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हातारे खजील झाले. मग ठमाबाई पारावर चढली. पहिलं वाक्य ऐकताच हैबतराव पाटील पुढे झाले.

"म्हातारे, पुरे. वय झालं तुझं. घरी जा."

"हैबत्या, मी खोटं बोलले तर दगड होईन. माझा दगड तूच उचल," ठमाबाई म्हणाली. "तुझ्या आज्याने त्या दिवशी विहिरीवर पहारा बसवला होता. ऐक आता."

तिने सगळं सांगितलं. ती दगड झाली नाही.

पण वेशीपाशीही काही हललं नाही. तेरा दगड होते तसेच उभे. सूर्य खिंडीला टेकला होता. लोक खाली बघत होते, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शाप सुटायला मोकळा झाला होता, आणि त्याला सोडवायला कोणी पुढे येत नव्हतं.

तेव्हा येसूला कळलं. हाक अजून हवेत होती. साठ-सत्तर वर्षं तिला कोणी ओ दिली नव्हती.

ती पारावर ताठ उभी राहिली.

"काका!" ती पाटलांकडे बघून म्हणाली. शाप आता सैल झाला होता, म्हणून तो हळूहळू चढला; तिच्या पायांची बोटं काळी पडली. "मावशी! दादा! वहिनी!" घोटे दगडाचे झाले, मग पिंढऱ्या, मग गुडघे. "माझा भाऊ तिथे उभा आहे. या ना! काका, ओ द्या!"

दगड कमरेपर्यंत चढला. आज्याच्या अब्रूपायी हैबतराव जागचे हलत नव्हते. मग त्यांनी पागोटं काढून जमिनीवर ठेवलं आणि लहान पोरासारखे रडत ओरडले, "ओ! ओ, पोरी! आलो!"

ते धावले. मागून ठमाबाईची ओ आली, मग दुसरी, मग सगळ्या गावाची. जे तीन दिवसांपूर्वी बांबू घेऊन आले होते, ते चौघे सगळ्यांच्या पुढे वेशीकडे पळत होते.

येसूचे पाय मोकळे झाले. वेशीपाशी तेरा माणसं एकमेकांना धरून उभी राहायला बघत होती. रखमाजी तीन दिवसांनी जागा झाला होता, रांगेतला पहिला अठ्ठावन्न वर्षांनी. त्याने आपल्या बायकोचं नाव घेऊन ती कुठे आहे म्हणून विचारलं. त्याला कोणी खोटं सांगितलं नाही.

राजाच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्याने प्रत्येक गावाला आपल्या नेमांची कारणं लिहून काढण्याची आज्ञा केली. तळ्याचं कारण त्याने अजून लिहिलेलं नाही. ते मागायला हिवरखिंडीचे लोक दर वर्षी त्याच्या दरबारात जाऊन बसतात, आणि येसू सगळ्यांच्या पुढे असते.

हिवरखिंडीत आता नेम सतराच उरले. सतरावा पाळतात, पण आग लागली तर दोर सोडतात. अठरावा पुसला, भिंती फोडून पूर्वेला दारं काढली. एकोणिसावाही पुसला, मात्र तो सांगायचं थांबवलं नाही. नवं माणूस आलं की पाटील स्वतः त्याला माळावरच्या चौथऱ्यावर नेतात आणि इथे काय झालं, कोणी पहारा बसवला होता, ते सगळं सांगतात. सांगताना त्यांची मान दर वेळी खाली जाते. शेवटी ते विचारतात, "आता बोला. राहायचं का आमच्यात?"

पुष्कळ जण राहतात. काही जण हे ऐकून पुढे निघून जातात. गाव त्यांना वाटेसाठी भाकरी बांधून देतं, आणि राग धरत नाही.