टीव्हीच्या जागेवर आलेली पाहुणी

एका गावात एक सून होती आणि तिची पक्की खात्री झाली होती की आपल्या सासऱ्यांचं डोकं चालेनासं झालंय. गाव समुद्राकाठचं, ख्रिस्ती वस्तीचं, मोगऱ्याच्या आणि केळीच्या बागांचं. सुनेचं नाव फिलोमिना, पण सगळे तिला फिलू म्हणत. घरात तिचा नवरा पास्कू, शाळेत जाणारी एक मुलगी आणि म्हातारे सासरे. शिवाय पाचवा, सगळ्यांत मोठ्या आवाजाचा, टीव्ही.

फिलू काही आळशी बाई नव्हती. पहाटे कळ्या खुडायच्या, बाजाराला लावून द्यायच्या, मग बागेला पाणी, मग रांधणं. संध्याकाळी अंगाचा नुसता भुगा झालेला असे. तेव्हा टीव्हीसमोर पाय पसरून बसणं हीच तिची विश्रांती, आणि त्यात पाप ते कसलं? फक्त झालं असं, की मुलगी शाळेतून आली की कार्टून, मग फिलूची मालिका, तिच्या शेपटाला दुसरी मालिका, मग पास्कूच्या बातम्या. संध्याकाळची जपमाळ जाहिराती चालू असताना उरकली जाऊ लागली. ती इतकी भरधाव सुटे की ऐकताना मरियामातेलाच धाप लागत असेल. पुढे तीही बंद पडली आणि बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असत. संध्याकाळी त्यांना काही विचारलं तर हसायचे आणि मान हलवायचे. "बाबा, गोळी घेतलीत का?" मान हलायची. गोळी डबीत तशीच. "बाबा, कुठे दुखतंय का?" पुन्हा मान. फिलू धास्तावली. आपण दिवसभर बागेत. हा माणूस गॅस पेटवून बसला, नाहीतर विहिरीकडे गेला, तर काय करायचं?

गावाबाहेर सिस्टरांचा वृद्धाश्रम होता. महिनाअखेरीस तिथे एक खाट रिकामी होणार होती. एका संध्याकाळी मालिका रंगात आलेली असताना फिलूने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, सिस्टरांच्या आश्रमात राहायला जाल ना? तिथे तुमची नीट काळजी घेतील."

म्हातारा हसला आणि त्याने मान हलवली.

"बघा, त्यांचीही तयारी आहे," फिलू नवऱ्याला म्हणाली. पास्कूला ते रुचलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि तेवढ्यात बातम्या लागल्या.

तो जपमाळेचा महिना होता. या महिन्यात त्या गावात मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जायची. आजच्या घराने उद्या ती गाणी म्हणत पुढच्या घरी पोचवायची. आणि पाहुणी घरात असेपर्यंत टीव्ही, रेडिओ काही लावायचं नाही, असा जुना रिवाज.

फिलूच्या घरची पाळी आली. पुढच्या खोलीत मूर्ती ठेवायला शोभेलशी जागा एकच, आणि तिथे टीव्ही होता. पास्कूने तो उचलून आतल्या खोलीत नेला, वर चादर टाकली. फिलूने मनात हिशेब केला: एकच तर भाग बुडतोय, उद्या शेजारणीकडून कळेल. त्या रात्री शेजारीपाजारी जमले, गर्दीत प्रार्थना झाली, चणे वाटले, लोक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाळी शेजारणीची, पण कुंपणावरून ती म्हणाली, "फिलूबाय, आजचा दिवस माऊली तुझ्याकडेच राहू दे गं. आमच्याकडे मॅच बघायला पाव्हणे यायचेत."

आता मरियामातेला घरात ठेवून घे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? फिलू वरवर हसली, मनात चरफडली.

त्या संध्याकाळी घरात घरचीच माणसं. इतकी शांतता, की बाहेर केळीची पानं वाजलेली ऐकू येत होती. सगळ्यांनी गुडघे टेकले. मुलीने जपमाळ सुरू केली, पण सवय मोडलेली, पाच रहस्यांपैकी तिसऱ्यानंतर अडखळली. आणि कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "बाय, चौथं रहस्य राहिलं. थांब, मी सांगतो." म्हाताऱ्याने पुढची सगळी जपमाळ चालवली, एक शब्द न चुकता.

पास्कूने बायकोकडे पाहिलं. "लहानपणचं पाठांतर आहे," फिलू म्हणाली. "ते मरेपर्यंत तोंडात राहतं." तिने तसं म्हटलं खरं, पण तिला रात्री नीट झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा शेजारीण कुंपणाशी हजर. आज तिच्या मालिकेत लग्न लागायचं होतं. फिलूने कपाळावर हात मारला आणि भाकऱ्या थापायला बसली. पुढच्या खोलीत मुलगी आजोबांच्या खुर्चीला टेकून बसली होती, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"आजोबा, टीचरने मला गाण्यातून काढलं."

"का गं?"

"माझा आवाज मोठा येतो म्हणे."

"मग दुसऱ्या ओळीत उभी राहते म्हणून सांग. मला पण चर्चच्या गाण्यांत मागे उभं करायचे. तू कालपासून गप्प होतीस, ती यामुळेच होय?"

फिलूचा भाकरीवरचा हात थांबला. मुलगी कालपासून गप्प आहे, हे आईला कळलं नव्हतं. ते कळलं होतं त्या वेड्या झालेल्या म्हाताऱ्याला. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही इतके दिवस आमच्याशी बोलत का नव्हता?"

"कसं बोलणार, बाई?" म्हातारा म्हणाला. "ती पेटी सुरू झाली की मला तुमची तोंडं हललेली दिसतात, शब्द काही कळत नाही. आधी 'काय म्हणालीस' म्हणून विचारायचो. तू वैतागायचीस. दमलेली असायचीस, तुझं चुकलं नाही. मग मी ठरवलं, हसून मान हलवावी. निदान घरात कटकट नको."

फिलू त्यांच्या खुर्चीसमोर बसली. "मग आश्रमाचं विचारलं, तेव्हा मान हलवलीत ती?"

"कसला आश्रम?"

तिला सांगावं लागलं. खाट, सिस्टर, महिनाअखेर, सगळं. म्हातारा हळूच म्हणाला, "मला वाटलं, तू विचारतेस, भात वाढू का."

फिलू रडली. पास्कू बागेतून आला तेव्हा ती रडतच होती, आणि सासरेच तिची समजूत घालत होते. ऐकल्यावर पास्कू बापाच्या पायाशी बसून राहिला. सकाळी उठून तो आश्रमात गेला आणि सिस्टरांना म्हणाला, "ती खाट ज्याला कुणी नाही त्याला द्या." तिथून बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोकं ठणठणीत आहे. गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, एवढंच. समोर बसून, एका वेळी एकाने बोला.

त्या संध्याकाळी शेजारीण अखेर माऊलीला न्यायला आली. गाणी म्हणत सगळे तिला पोचवून परत आले. टीव्हीची जागा मोकळी होती.

"आणू का बाहेर?" पास्कूने विचारलं. त्याचेही हात शिवशिवत होते. मुलीने आईकडे पाहिलं. आतल्या खोलीत चादरीखाली फिलूची मालिका होती, आणि नायिकेचं काय झालं हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

"राहू दे आत," फिलू म्हणाली. "रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर दुपारी बघू. रोजची संध्याकाळ नको."

पहिली संध्याकाळ फार गोड गेली असं कुणी समजू नये. जपमाळ झाली आणि पुढे काय करायचं ते कुणाला कळेना. पास्कू जांभया देऊ लागला, मुलगी रुसून बसली. फिलूचं सगळं लक्ष आतल्या खोलीकडे. आपण उगीच मोठेपणा केला, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

तेवढ्यात सासऱ्यांनी आपली खुर्ची तिच्यासमोर ओढून घेतली. "फिलू, आज बागेत काय काय झालं ते सांग."

हा प्रश्न तिला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिने आधी "काय होणार, नेहमीचंच" असं म्हटलं. मग पंपाची गंमत आठवली, मग बाजारातल्या एका भांडखोर बाईची. पास्कूची जांभई थांबली, मुलगी जवळ सरकली. आणि फिलू बोलतच राहिली.

तात्पर्य एवढंच: घरातलं माणूस बोलेनासं झालं, तर त्याला घराबाहेर काढण्याआधी घरातला गोंगाट बाहेर काढून पाहावा.