पहिला टोला

पूर्वी भद्रवाटी नगरात शीलधर नावाचा राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या ओतारआळीत, म्हणजे घंटा ओतणाऱ्यांच्या वस्तीत, जन्माला आले होते. आळीतल्या कोणत्या घरात, ते आत्ताच सांगत नाही. ही कथा सांगणाऱ्या शास्त्यांनीही, म्हणजे भगवान बुद्धांनीही, ते शेवटपर्यंत सांगितले नव्हते.

त्यांनी ही कथा सांगितली ती वप्पिल नावाच्या एका भिक्षूमुळे. वप्पिल विहारात चीवरे शिवत असे. त्याचा टाका सुरेख होता आणि तो सुरेख आहे हे त्यालाही पुरेपूर ठाऊक होते. मग सोणक नावाचा नवा भिक्षू आला. सगळे त्याच्या शिलाईची वाखाणणी करू लागले आणि वप्पिलाला अन्न गोड लागेना. एके दिवशी त्याने सोणकाची सुया ठेवायची बांबूची नळी उचलून आपल्या आसनाखाली दडवली. सोणक बिचारा तीन दिवस शोधत फिरला. चौथ्या दिवशी तो वप्पिलापुढेच हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "भंते, संघाची वस्तू माझ्या धांदरटपणाने हरवली. मला क्षमा करा."

ज्याच्या आसनाखाली नळी होती, त्याच्याकडेच तो क्षमा मागत होता. वप्पिलाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तो तडक शास्त्यांकडे गेला. भिक्षुसंघ बसलेला होता. सर्वांसमोर त्याने नळी खाली ठेवली, घडले ते सांगितले आणि मान न उचलता म्हणाला, "भंते, मी हे चीवर उतरवून घरी जातो. इथं बसायची माझी लायकी नाही."

शास्ते म्हणाले, "जायचं तर जा. पण आधी एका घंटेची गोष्ट ऐकून जा." आणि त्यांनी ही गतजन्मीची गोष्ट सांगितली.

भद्रवाटीच्या ओतारआळीत मेघिल आणि सुदंत हे दोन ओतारी शेजारी शेजारी राहत. मधे एक मातीची भिंत होती. मेघिल वयाने मोठा होता. पंधरा वर्षे आळीत त्याच्याइतकी चांगली घंटा कोणी ओतली नव्हती. घर नीटनेटके होते, बायको उत्पला शहाणी होती, कामाला खंड नव्हता. माणसाला आणखी काय लागते? मेघिलाला मात्र लागत होते. सुदंताचा हात बसला तेव्हापासून लोक म्हणू लागले होते, "मेघिलची घंटा चांगलीच, पण सुदंताची ऐकलीत का?" त्यातला तो 'पण' मेघिलाच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. आपली घंटा वाजवतानाही तो तिच्यात सुदंताच्या घंटेपेक्षा काय कमी आहे तेच शोधू लागला. आपला सगळा त्रास भिंतीपलीकडून येतो, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती.

या आळीत एक जुना रिवाज होता. साचा फोडून घंटा बाहेर काढली, की पहिला टोला ती ओतणाऱ्याने मारायचा नाही. तो शेजाऱ्याने मारायचा. आपले लेकरू सगळ्यांनाच गोड दिसते, म्हणून हा नियम. शेजारी लाकडी हातोडीने टोला मारी, नाद विरेपर्यंत कान लावून उभा राही आणि मग चारचौघांत एकच शब्द बोले, 'खरी' किंवा 'खोटी'. खोटी ठरलेली घंटा त्याच दिवशी फोडून पुन्हा भट्टीत जाई. त्या शब्दावर कोणी वाद घालत नसे, कारण तिथे कोणी कधी खोटे बोलला नव्हता.

एका हिवाळ्यात राजाने नदीकाठच्या दरवाजासाठी मोठी घंटा मागवली. धुक्यात होड्यांना काठ सापडत नसे. घंटेच्या नादावर त्यांनी यावे, असा हेतू होता. पंचांनी ठरवले की मेघिल आणि सुदंत दोघांनी एकेक घंटा ओतावी आणि सरस ठरेल ती दरवाजावर चढवावी. दोघांनी दोन महिने माती, शेण आणि तूस मळून साचे केले, तांबे आणि कथील वितळवले आणि एकाच दिवशी साचे फोडले. सारी आळी गोळा झाली.

आधी सुदंताने मेघिलाच्या घंटेवर टोला मारला. डोळे मिटून ऐकले आणि मोकळ्या चेहऱ्याने म्हणाला, "खरी! दादा, झकास ओतलीत."

मग मेघिलाने सुदंताच्या घंटेवर टोला मारला. नाद उठला, पसरला, आणि कितीतरी वेळ विरलाच नाही. अशी घंटा मेघिलाने उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. जमलेल्यांनाही ती गोड लागली होती, पण बारीक दोष ओतारी कानालाच कळतो असे मानून सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मेघिल म्हणाला, "खोटी."

सुदंताने एकदा घंटेकडे पाहिले, घण उचलला आणि ती फोडली.

मेघिलाची घंटा दरवाजावर चढली. राजाने त्याला शाल दिली. होड्या त्या नादावर काठाला लागू लागल्या, नावाडी त्याला दुवा देऊ लागले. ज्यासाठी जीव टाकला ते सगळे मिळाले होते. पण घंटा वाजली की मेघिलाचा घास हातातच राही. ती घणघणली की त्याला दुसरीच घंटा ऐकू येई. उत्पलेने एकदा विचारलेही, "अहो, आपलीच घंटा ना ती? मग ती वाजली की तुमचा चेहरा असा का उतरतो?"

"काही नाही. दात दुखतो," मेघिल म्हणाला. बायकोशीही खोटे बोलावे लागले, याची त्याला आणखी लाज वाटली.

भिंतीपलीकडची भट्टी थंड पडली होती. सुदंताने मोठ्या घंटा ओतणे सोडले होते. तो गाईगुरांच्या गळ्यातल्या घुंगुरघंटा करून पोट भरत होता. मेघिलाने लाडू पाठवले, त्याच्या घुंगुरघंटांचे भरभरून कौतुक केले. पण त्यामुळे सुदंताला बरे वाटले नाही आणि मेघिलालाही नाही.

मग एका दुपारी सुदंत स्वतःच आला. दाराशी उभा राहून, नजर पायांकडे लावून म्हणाला, "दादा, एक मागायला आलोय. मला तुमच्या हाताखाली बसू द्या. माझा कान बिघडलाय."

"बिघडलाय म्हणजे?"

"ती घंटा मला खरी वाटली होती. तुम्ही टोला मारलात तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता हो! आणि ती खोटी निघाली. म्हणजे इतकी वर्षं मला काहीच ऐकू येत नव्हतं. पहिल्यापासून शिकवा."

काहीतरी करायचे म्हणून मेघिलाने कोपऱ्यातली एक लहान घंटा उचलून वाजवली आणि विचारले, "ही कशी आहे?"

सुदंताने कान लावला. बराच वेळ तो घुटमळला. मग हळूच म्हणाला, "मला खरी वाटतेय दादा. म्हणजे खोटी असणार."

घंटा खरीच होती. आपण फक्त एक घंटा फोडायला लावली, असे मेघिल आजवर धरून चालला होता. माणूसच फोडला आहे, हे त्याला त्या क्षणी दिसले. शरमेने त्याचे कान तापले. त्याच्या मनात आले, या माणसाने माझे काहीही घेतले नव्हते. माझ्याजवळ होते तेच मी कधी नीट ऐकले नाही, आणि माझे सुख हरवले म्हणून त्याचे घर धुंडाळत बसलो.

तो सुदंताचा हात धरून आळीच्या मधोमध आला आणि त्याने सगळ्यांना हाका मारल्या. माणसे भट्ट्या सोडून आली, उत्पलाही आली. मेघिल म्हणाला, "सुदंताची घंटा खरी होती. मी खोटं बोललो. माझ्या घंटेपेक्षा ती चांगली होती, म्हणून बोललो."

पहिल्या टोल्याला खोटे बोलणाऱ्याच्या घंटेवर यापुढे कोणीही टोला मारायचा नाही, असे पंचांनी तिथल्या तिथे ठरवले. टोल्यावाचून घंटा विकता येत नसे. मेघिलाची भट्टी त्या दिवशी विझली. त्याने मान डोलावली आणि सुदंत आता काय म्हणतो याची वाट पाहत उभा राहिला. सुदंताने आपल्या थोबाडीत मारावी, असे त्याला मनापासून वाटत होते.

सुदंताने एवढेच विचारले, "दादा, खरंच खरी होती?"

"हो. तशी मी जन्मात ऐकली नाही."

सुदंत तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. रडता रडता म्हणाला, "म्हणजे माझा कान शाबूत आहे!"

राजाने शाल परत घेतली आणि नवी घंटा ओतायला सुदंताला सांगितले. मेघिल त्याच्या भट्टीवर भाता ओढायला जाऊ लागला. पहिले काही दिवस लोक येताजाता कुत्सित हसत, तेव्हा त्याची मान खाली जाई, पण भाता थांबत नसे. साचा फोडायचा दिवस आला. पहिला टोला कोणी मारायचा यावर पंच कुजबुजू लागले. सुदंताने हातोडी उचलली आणि मेघिलापुढे धरली.

पंच म्हणाले, "अरे, याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?"

"मी ठेवीन," सुदंत म्हणाला. "इथं खोटं बोलल्यावर किती जळतं, ते आपल्यापैकी एकट्या दादांना माहीत आहे."

मेघिलाने टोला मारला, नाद पार विरेपर्यंत ऐकला आणि म्हणाला, "खरी." मग थांबून म्हणाला, "पण त्या पहिल्या घंटेची सर नाही हिला."

"ठाऊक आहे," सुदंत म्हणाला. "मीही ऐकलंय."

नवी घंटा दरवाजावर चढली. ती वाजली तेव्हा मेघिल सुदंताच्या अंगणात भाकरी खात होता. घास हातात थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याची घंटा नुसती ऐकत होता. सुख ते हेच काय, असे वाटून तो स्वतःशीच हसला.

गोष्ट संपली. वप्पिलाची मान अजून खालीच होती. तो म्हणाला, "भंते, कळलं. तो मेघिल मीच. माझी खोड जन्मोजन्मीची आहे."

"नाही, वप्पिला," शास्ते म्हणाले. "तेव्हाची उत्पला म्हणजे आजची यशोधरा. ज्याने घंटा फोडली, आणि मग हातोडी पुढे धरली, तो सुदंत तू होतास. आणि जो खोटं बोलला, तो मेघिल म्हणजे मी."

वप्पिलाने पहिल्यांदा मान वर केली. शास्त्यांचे डोळे खाली होते.

"त्या जन्मी मला लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच मी खरं बोलायला शिकलो," ते म्हणाले. "पण लाज वाटून मी घरी निघून गेलो असतो, तर सुदंताचा कान त्याला कोणी परत दिला असता?"

या कथेतला गुण आहे सत्य, आणि त्याच्याही आधीचा गुण आहे लाज. वप्पिलाने चीवर सावरले, बांबूची नळी उचलली आणि तो सोणकाला शोधायला निघाला.