कात्री बसने येतेय

शहराचं नाव विचारू नका. तारांगण गावाबाहेर टेकडीमागे बांधण्याची हौस कुठल्याही शहराला असू शकते. रिक्षावाले तारांगणाचं नाव ऐकूनच मान फिरवत. शाळेची पोरं फाट्यापासून उन्हात चालत येत आणि आत अंधार झाला की तारे बघायच्या आधीच घोरू लागत. तारांगणाच्या प्रमुख सुनंदिनी केंजळे दारापर्यंत बस मागून मागून थकल्या. परिवहन समितीचे सभापती रंगराव मोहोळकर दर वेळी हसून सांगत, "बाई, फाट्यापर्यंत बस आहे की! पुढचं चालायचं. तब्येतीला बरं असतं."

नव्या दालनाच्या उद्घाटनाला सभापती अर्थातच चालत आले नाहीत. त्यांची गाडी थेट फितीपाशी थांबली. सनई वाजली, फोटोवाले सरसावले, सभापतींनी हात पुढे केला. तबकात कात्रीच नव्हती!

"कात्री बसने येतेय, साहेब," केंजळेबाई म्हणाल्या. "आमचे शिपाई फाट्यावर उतरून चालत आणतील."

"मग माझी गाडी पाठवा!"

"गाडी कशाला? चालणं तब्येतीला बरं असतं."

ऊन चढलं. हारातल्या फुलांनी माना टाकल्या. सभापतींनी दातओठ खात फीत ओढून पाहिली, पण ती चांगल्या सॅटिनची निघाली. शेवटी ते सगळ्यांसमोर कडाडले, "अहो, इथपर्यंत बस का येत नाही?"

केंजळेबाईंनी अदबीनं माइक त्यांच्यापुढे धरला.

"हेच जरा माइकवर विचारा, साहेब. परिवहन समितीचे सभापती आज इथंच आहेत."