दयेची पावलं

"पण फादर, मी खरी दया थोडीच आहे?"

लँबर्टनं हे विचारलं ते नाटकाच्या गाड्याच्या वरच्या मजल्यावरून. मठाच्या कोठारात हा दुमजली गाडा उभा होता. वर निळा स्वर्ग, खाली पृथ्वी, आणि पृथ्वीच्या कडेला नरकाचा लाकडी जबडा, लाल जिभेसकट. एरवी उन्हाळ्यात तो गावभर फिरायचा. यंदा गावात महामारी शिरली आणि गाडा जागचा हलला नाही.

मठाच्या धर्मनाटकात तरुण संन्यासी लँबर्ट दया व्हायचा, आणि रंगारी ओडो पापी माणूस. ओडो खालून हाका मारी, धडपडत शिडी चढून येई, मग दया कठड्यावरून त्याला हात देई. दयेनं पृथ्वीवर पाऊल टाकायचं नाही, पावलं मळतात, अशी रीतच होती. लोक लँबर्टच्या पांढऱ्या झग्याचं टोक डोळ्यांना लावायचे. त्यानं स्वारी जरा चढलीच होती. देव आपल्याच खिशात असल्यासारखा तो गावातून चालायचा.

त्या सकाळी ओडोची बायको मठाच्या दाराशी आली. लांबूनच बोलली. धनी तापानं फणफणलेत, काखेत गाठ आलीय, आणि एकसारखी दयेला हाक मारतायत. दुसरं कुणी नको म्हणतात.

ऐकून लँबर्टची पाचावर धारण बसली. तो पळत सुटला तो थेट स्वर्गात जाऊन लपला.

मठाचे म्हातारे प्रमुख, त्याचे गुरू फादर थिओबाल्ड, मागोमाग येऊन खाली उभे राहिले होते.

"झगा म्हणजे नुसती खूण, फादर. ओडो तापात बरळतोय. खरी दया देवाची… ती त्याला तारेलच."



मग लँबर्ट बराच वेळ बोलत राहिला. शिडी म्हणजे पश्चात्ताप. ती ज्यानं त्यानं चढायची असते, दया वरच थांबते, आपण लोकांना हेच तर शिकवलं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

फादरनी सगळं ऐकून घेतलं. गुडघे धरून ते वाकले आणि रांगत रांगत नरकाच्या जबड्यात जाऊन बसले.

"फादर… तिथं काय करताय?"

"ओडोला तू जिथून दिसतोस, तिथून बघतोय."

"कसा… कसा दिसतो?"

"फार स्वच्छ."

लँबर्टनं आपल्या पायांकडे पाहिलं, आणि त्याला रडू फुटलं. आता त्यानं खरं ते सांगून टाकलं. गावाबाहेरचा, प्रेतं पुरायचा चुन्याचा खड्डा त्यानं पाहिला होता. काळी पडलेली बोटं पाहिली होती. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नव्हतं.

"मला मरायचं नाही, फादर."

"मलाही नाही," जबड्यातून आवाज आला.

…

कितीतरी वेळानं शिडी करकरली. लँबर्ट एकेक पायरी चाचपत उतरत होता. शेवटच्या पायरीवर तो थांबला. एक पाय हवेतच राहिला.

"मी गेलो, आणि उद्या मलाही गाठ आली… तर माझ्यासाठी कोण उतरेल? एवढंच सांगा, म्हणजे जातो."

फादरनी नकारार्थी मान हलवली.

"त्याची हमी देऊन पाठवलं, तर ओडोच्या दारात दया पोचणार नाही रे… व्यापारी पोचेल."