व्हरांड्यातलं धुकं

धुकं घरोघरी गप्पा मारायला जायचं, त्या काळची गोष्ट. डोंगरमाथ्यावर साहेबाच्या राजवटीतला एक बंगला होता. दरीतलं धुकं रोज संध्याकाळी त्याच्या व्हरांड्याच्या लाकडी जाळीतून आत यायचं, आरामखुर्चीत टेकायचं आणि खाली कुणाची म्हैस चुकली, कुठे करवंदं पिकली, ते सांगायचं.

शेजारी चकचकीत हॉटेल उभं राहिलं आणि बंगल्याला स्वतःची लाज वाटू लागली.

"मालक, मलाही आजकालच्या इमारतींसारखं करा ना," तो म्हणाला.

"करू की! रंग देऊ, कौलं बदलू," मालक सोहराबशेठ म्हणाले. "पण व्हरांडा राहू दे."

"छे! सगळ्यात जुनाट तोच दिसतो. आधी तो बंद करा."

रंगाने बंगला खुलला. व्हरांड्याला काचा बसल्या, जाळी परसात गेली.

संध्याकाळी धुकं आलं. काचेला टेकलेला त्याचा हात पाणी होऊन ओघळला.

"अरे, मीच आहे!" बंगला आतून ओरडला.

धुकं चाचपडत परसात गेलं, जाळीपाशी विसावलं आणि दरीतल्या गोष्टी सांगू लागलं.

काचा अगदी स्वच्छ होत्या. बंगल्याला सगळं दिसत होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.