तळ्याच्या वाटेवरचा डहाळा

कळंबवाडीच्या तळ्याकाठच्या बाभळींवर करकोच्यांनी घरटी केली आणि भामाकाकूंच्या जिवाला घोर लागला. गेल्या साली सरपंचांच्या वाढदिवसाला तिथे डीजे वाजला, तेव्हा भेदरून उडालेले करकोचे परतलेच नाहीत. पिल्लं घरट्यातच उपाशी मेली.

यंदा काकू आधीच विनवायला गेल्या, तर सरपंच दत्ताजीराव हसले. "अहो काकू, पाखरांना देवानं पंख दिलेत. आवाज सोसवला नाही तर जातील उडून!"

वाढदिवशी मिरवणूक दणदणत तळ्याकडे निघाली. पहिल्या बाभळीला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला दिसला आणि सरपंचांचा हात आपसूक वर गेला. डहाळा दिसला म्हणजे तिथे बाळंतीण आहे, वाजवत पुढे जायचं नाही, ही गावाची जुनी रीत. डीजे थांबला.

"इथं रानात कोण बाळंत झालं?" सरपंचांनी विचारलं.

काकू पुढे झाल्या. त्यांनी वर बोट दाखवलं. "सगळ्या बाभळी भरल्यात, सरपंच."

"पुन्हा तेच! पंख आहेत म्हटलं ना त्यांना?"

"आईला आहेत. पिल्लांना अजून फुटायचेत."

मागून सरपंचांच्या आईचा आवाज आला, "दत्ता, बाळंतिणीच्या दारात वाद घालतोस होय रे?"

डीजेची गाडी मुकाट मागे वळली. काकूंनी भीत भीत वर पाहिलं. करकोची घरट्यावरून हलली नव्हती.